विश्लेषण : सुई न टोचता त्वचेतून जनुक शरीरात कसे पोहोचवतात? जळगाव, पुणे आणि पवईतून काय शिकायला मिळाले?

बुलढाणा : मलकापूर ओलांडले की काही किलोमीटरवर मुक्ताईनगर लागते आणि जळगाव जिल्हा सुरू होतो. २०२१ च्या अखेरीस या शेजारच्या जिल्ह्याचे नाव एका वेगळ्याच कारणाने बातम्यांत आले. सुई न टोचता द्यायच्या ‘झायकोव्ह-डी’ या करोना लशीच्या पहिल्या टप्प्यासाठी केंद्राने सात राज्ये निवडली आणि महाराष्ट्रात नाशिक व जळगाव या दोन जिल्ह्यांची निवड जाहीर झाली. तेव्हा चर्चा झाली ती ‘सुई नाही, दुखत नाही’ एवढीच. त्या लशीत काय होते आणि ते त्वचेतच का सोडायचे होते, हा प्रश्न मागे पडला.

ती डीएनए लस होती. करोना विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनाची ‘कृती’ लिहिलेला डीएनएचा तुकडा तिच्यातून थेट आपल्या त्वचेच्या पेशींत पोहोचवला जात होता. माणसांसाठी मंजूर झालेली जगातील पहिली डीएनए लस म्हणून तिची नोंद झाली. आज जगभरात दुर्धर त्वचारोगांवर जे जनुकीय उपचार येत आहेत, त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्नही तोच आहे. जनुक प्रयोगशाळेत तयार करता येते, पण ते पेशीच्या आत पोहोचवायचे कसे? समजून घेऊ.

जनुकीय उपचार म्हणजे नेमके काय?

आपल्या पेशी प्रथिने तयार करतात आणि कोणते प्रथिन कसे बनवायचे याची कृती जनुकात लिहिलेली असते. एखाद्या जनुकात जन्मतःच चूक असेल तर ते प्रथिन बनत नाही किंवा बिघडलेले बनते, आणि त्यातून आजार होतो. अशा वेळी त्या जनुकाची बरोबर प्रत पेशीत पोहोचवायची, म्हणजे पेशी स्वतःच हवे ते प्रथिन बनवू लागते. हा झाला जनुकीय उपचार.

डीएनए किंवा एमआरएनए लशीचे तंत्र याच्या जवळचे आहे, पण उद्देश वेगळा. तिथे पेशीला थोड्या काळासाठी विषाणूचे एखादे प्रथिन बनवायला सांगतात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती ते ओळखायला शिकते. शरीराच्या मूळ जनुकात कायमचा बदल करणे हा लशीचा हेतू नसतो. म्हणून लशीला जनुकीय उपचार म्हणत नाहीत. मात्र ‘माल’ पोहोचवण्याची अडचण दोन्हीकडे सारखीच.

त्वचाच का?

तुमच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असेल, तर त्वचेत दिलेल्या लशीचा पुरावा तुम्ही अंगावर घेऊन फिरता आहात. बीसीजी स्नायूत नाही, त्वचेच्या थरात देतात. पोलिओची इंजेक्शनची लसही भारतात २०१६ पासून त्वचेत दिली जाते. स्नायूत द्यायची तर अर्धा मिली लागते. त्वचेत फक्त ०.१ मिली, म्हणजे पाचवा हिस्सा.

एवढ्या कमी मात्रेत काम भागते, कारण त्वचेत पहारेकरी भरपूर आहेत. बाहेरून जंतू शिरण्याची शक्यता इथेच जास्त असल्याने प्रतिकारशक्तीच्या खास पेशी त्वचेत ठिकठिकाणी बसलेल्या असतात. काही अनोळखी दिसले की त्या ते उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत वर्दी देतात. स्नायूत अशा पेशी तुलनेने कमी असतात.

दुसरे कारण सोपे आहे. त्वचा डोळ्यांना दिसते. यकृतात किंवा मेंदूत औषध पोहोचले का, हे पाहायला मोठ्या तपासण्या लागतात. त्वचेवरची जखम भरते आहे की नाही, हे आईलाही कळते.

मग अडचण काय?

अडचण म्हणजे त्वचेचे कामच मुळी बाहेरचे आत न येऊ देणे हे आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत अचानक केसगळती सुरू झाली, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले, म्हणजे चर्चा अंगावर ओतल्या जाणाऱ्या पाण्याकडून पोटात जाणाऱ्या अन्नाकडे वळली. त्वचेला जे लागते ते सगळे आत जातेच, असा आपला समज असतो. तसे ते नसते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, पण रचना पक्क्या भिंतीसारखी : पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा गिलावा. औषधशास्त्रात एक ढोबळ नियम वापरतात. ज्या रेणूचे वजन ५०० डाल्टनपेक्षा जास्त, तो निव्वळ चोळून या भिंतीतून सहसा आत जात नाही.

आता हिशेब करा. डीएनएच्या एका जोडीचे वजन सुमारे ६५० डाल्टन. पाच हजार जोड्यांचे एक वर्तुळ घेतले तर वजन होते साडेबत्तीस लाख डाल्टन. म्हणजे मर्यादेच्या साडेसहा हजार पट! सायकल जाईल एवढ्या फटीतून कापसाने भरलेला ट्रक काढण्यासारखे हे आहे.

भिंत ओलांडली तरी काम संपत नाही. पुढे पेशीचे आवरण असते, आणि डीएनएला त्याही आत, पेशीच्या केंद्रकापर्यंत जावे लागते. एमआरएनएला केंद्रकात जावे लागत नाही, पेशीत शिरले की काम सुरू. पण ते नाजूक असते, लवकर तुटते.

भिंत ओलांडण्याचे कोणते मार्ग आहेत?

गेल्या चाळीस वर्षांत संशोधकांनी यासाठी बरेच उद्योग केले आहेत. त्यातले मुख्य पाच.

*१. जनुक बंदूक.* याची सुरुवात शेतीतून झाली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात धातूच्या सूक्ष्म कणांना डीएनए चिकटवून ते कांद्याच्या पेशींवर झाडले. पेशी जगल्या आणि जनुक आत पोहोचले. १९८७ मध्ये हे ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे हीच युक्ती उंदरांच्या त्वचेवर वापरली गेली आणि १९९२ मध्ये दिसले की त्वचेत असे जनुक सोडले तर शरीर प्रतिपिंडे तयार करते. डीएनए लशीच्या कल्पनेला त्यातून बळ मिळाले.

*२. विजेचा झटका.* डीएनए त्वचेत टोचायचे आणि लगेच त्या जागी क्षणभर विजेचे स्पंद द्यायचे. पेशीच्या आवरणाला तात्पुरती छिद्रे पडतात, डीएनए आत शिरते, छिद्रे पुन्हा बुजतात. परिणाम अनेक पटींनी वाढतो. पण झटका जाणवतो, आणि प्रत्येक केंद्रावर वेगळे यंत्र लागते.

*३. वेगवान फवारा.* झायकोव्ह-डीमध्ये हाच मार्ग वापरला गेला. अमेरिकेतील फार्माजेट कंपनीचे ‘ट्रॉपिस’ हे उपकरण स्प्रिंगवर चालते. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. ०.१ मिली द्रव अतिशय बारीक छिद्रातून इतक्या वेगाने सुटतो की तो स्वतःच त्वचेचा वरचा थर भेदतो आणि आतल्या थरात पसरतो. हे सगळे सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात होते. मी अभियांत्रिकी शिकलो असल्याने मला यातली साधी गोष्ट आवडली : शेतातल्या फवारणी पंपाला लावतो तोच नियम. छिद्र जितके बारीक आणि दाब जितका जास्त, तितकी धार वेगवान.

*४. सूक्ष्मसुयांची पट्टी.* एक मिलिमीटरपेक्षा कमी लांबीच्या असंख्य सुया असलेली छोटी पट्टी त्वचेवर दाबायची. सुया वेदना देणाऱ्या नसांपर्यंत फारशा पोहोचत नाहीत. काही पट्ट्यांत सुयाच औषधाच्या असतात आणि त्या विरघळून जातात. गोवर-रुबेलाची लस अशा पट्टीतून देण्याची चाचणी आफ्रिकेतील गांबिया देशात लहान बाळांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ती डीएनए लस नव्हे. पण जनुकीय माल अशा पट्टीतून देण्यावरही काम सुरू आहे.

*५. विषाणूची गाडी.* पेशीत शिरणे हे विषाणूचे रोजचे काम. त्याचा रोग पसरवणारा भाग काढून टाकायचा आणि त्या जागी हवे ते जनुक भरायचे.

झायकोव्ह-डीने काय दाखवले?

अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने ही लस जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने विकसित केली. सुमारे २८ हजार स्वयंसेवकांवरील चाचणीत लक्षणे असलेल्या करोनाविरुद्ध तिची परिणामकारकता ६६.६ टक्के आढळली. २० ऑगस्ट २०२१ रोजी १२ वर्षांवरील सर्वांसाठी तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. २८ दिवसांच्या अंतराने तीन मात्रा, आणि प्रत्येक वेळी दोन्ही दंडांवर एकेक फवारा. सरकारसाठी दर ठरला मात्रेमागे २६५ रुपये, शिवाय उपकरणाच्या वापराचे ९३ रुपये, जीएसटी वेगळा.

आपल्या भागासाठी महत्त्वाचा मुद्दा तापमानाचा होता. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची, पण २५ अंशांतही ती किमान तीन महिने टिकत असल्याचे कंपनीने सांगितले. विदर्भाच्या उन्हाळ्यात वीज गेली की आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीची काळजी कोणाला वाटते, हे तिथल्या परिचारिकेला विचारा.

पण तीन मात्रा, त्याही दोन दंडांवर, आणि वेगळे उपकरण हाताळण्याचे प्रशिक्षण यामुळे ती इतर लशींपेक्षा किचकट ठरली. तोवर मोठी लाटही ओसरली. ही लस फार मोठ्या प्रमाणावर वापरात आलीच नाही. तंत्र सिद्ध झाले तरी व्यवहारात बसायला आणखी बरेच काही लागते, हा त्यातला धडा.

पुणे आणि मुंबईत काय घडले?

पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने भारताची पहिली एमआरएनए लस तयार केली. २०२२ च्या जूनमध्ये तिला मंजुरी मिळाली. त्यानंतर ओमायक्रॉनसाठी बनवलेली ‘जेमकोव्हॅक-ओएम’ ही वर्धक लस जून २०२३ मध्ये आली आणि ती सुईविरहित उपकरणानेच त्वचेत द्यायची होती. परदेशातील सुरुवातीच्या एमआरएनए लशींपैकी एकीला उणे ७० अंशांची थंडी लागत होती. पुण्याची लस भुकटीच्या रूपात असल्याने साध्या २ ते ८ अंशांत ठेवता येते. तालुक्याच्या गावात उणे ७० अंशांचे फ्रीज कुठून आणणार? म्हणून हा फरक मोठा.

पवईच्या आयआयटी मुंबईत एअरोस्पेस अभियांत्रिकी विभागातील प्रा. विरेन मिनेझिस यांच्या गटाने ‘शॉक सिरिंज’ तयार केली आहे. तिच्यात दाबाखालील नायट्रोजन वायूमुळे आघात-तरंग निर्माण होतो आणि तो औषधाला पुढे ढकलतो. धारेचा वेग उड्डाणाच्या वेळच्या प्रवासी विमानाच्या साधारण दुप्पट असतो. उंदरांवरील प्रयोगांत भूल, बुरशीरोधक औषध आणि इन्सुलिन या तिन्हींचे परिणाम सुईच्या तोडीस तोड किंवा काही बाबतीत सरस दिसले. त्वचेला इजाही कमी झाली. अजून हे प्राण्यांवरचे प्रयोग आहेत आणि त्यात जनुक सोडलेले नाही. पण त्वचेत नेमक्या खोलीवर द्रव पोहोचवणे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

जुनी चूक कोणती होती?

सुईविरहित उपकरणे नवी नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्करात आणि मोठ्या लसीकरण मोहिमांत एकाच यंत्राने रांगेतल्या शेकडो लोकांना लस दिली जाई. यंत्राचे तोंड तेच राहायचे. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका दवाखान्यात अशा यंत्रातून हिपॅटायटिस-बी पसरल्याचे आढळले आणि पुढे ही पद्धत मागे घेण्यात आली. आजच्या उपकरणांत औषधाची नळी आणि तोंड प्रत्येक व्यक्तीसाठी नवे असते. म्हणून ‘सुई नाही म्हणजे संसर्गाची भीती नाही’ असे सरसकट समजू नका. आपल्यासमोर नवे पाकीट फोडले का, हे जरूर पाहा.

खऱ्या जनुकीय उपचाराचे उदाहरण आहे का?

आहे, आणि ते ज्यांच्यासाठी आहे त्यांची अवस्था वाचवत नाही. ‘एपिडर्मोलिसिस बुलोसा’ या आनुवंशिक आजारात त्वचेचे थर एकमेकांना धरून ठेवणारे प्रथिन बिघडलेले असते. कपड्याची शिवण घासली तरी फोड येतात, कातडी सुटते. जगभर अशा बाळांना ‘फुलपाखरू मुले’ म्हणतात. त्यांची त्वचा फुलपाखराच्या पंखाइतकी नाजूक असते.

याच्या एका गंभीर प्रकारात ‘कोलॅजेन-७’ हे प्रथिन बनत नाही. १९ मे २०२३ रोजी अमेरिकेने या प्रकारावरील ‘वायजुवेक’ या औषधाला मंजुरी दिली. ते जखमेवर थेंबाथेंबाने सोडायचे जेल आहे, आठवड्यातून एकदा. आत नागिणीच्या नव्हे, तर ओठावर जर येतो त्या हर्पिस विषाणूची निष्प्रभ केलेली गाडी असते आणि तिच्यात कोलॅजेन-७ चे जनुक. जनुकीय उपचारांत जास्त वापरला जाणारा दुसरा एक विषाणू ‘छोटा हत्ती’ टेम्पोसारखा आहे, हे मोठे जनुक त्यात मावतच नाही. हर्पिस हा मोठा ट्रक. शिवाय या रुग्णांच्या जखमा उघड्याच असल्याने भिंत ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही.

३१ रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांनी औषध लावलेल्या ६७ टक्के जखमा पूर्ण भरल्या. नुसते जेल लावलेल्या जखमांत हे प्रमाण २२ टक्के होते. मात्र उपचार कायमचा नाही. त्वचेच्या वरच्या पेशी महिन्या-दोन महिन्यांत झडतात, त्यांच्यासोबत जनुकही जाते. म्हणून औषध पुन्हा पुन्हा लावावे लागते.

कायमच्या उपायासाठी त्वचेच्या मूळपेशींपर्यंत जावे लागते. २०१५ मध्ये जर्मनीतील बोखम येथे सात वर्षांच्या एका मुलाच्या पेशी काढून, प्रयोगशाळेत जनुक दुरुस्त करून, त्यांपासून वाढवलेल्या त्वचेने त्याच्या शरीराची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा बदलण्यात आली. २०१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले तेव्हा तो मुलगा शाळेत जात होता. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने अशाच तत्त्वावरील ‘झेवास्किन’ या दुरुस्त त्वचेच्या पट्ट्यांनाही मंजुरी दिली.

हे आपल्याला परवडणार का?

आजच्या किमतीत नाही. वायजुवेकच्या एका कुपीची अमेरिकेत जाहीर झालेली किंमत २४,२५० डॉलर, म्हणजे सुमारे २० लाख रुपये. वर्षाचा खर्च पाच कोटींच्या पुढे. झेवास्किन ३१ लाख डॉलर. भारताच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात यादीतील आजारांसाठी नियुक्त केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय हे त्यातले एक केंद्र. कोटींच्या हिशेबापुढे ही रक्कम तोकडी पडते.

पण निराश होण्याचेही कारण नाही. रक्ताच्या काही कर्करोगांवरील ‘कार-टी’ हा जनुक बदललेल्या पेशींचा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्याने देशात तयार झाला. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशातील दराच्या साधारण दहाव्या भागात तो उपलब्ध झाला. त्वचेच्या उपचारातही स्वस्ताईचा रस्ता देशातल्या संशोधनातूनच जाईल. आणि त्यात पोहोचवण्याची पद्धत निर्णायक असेल : जे औषध साध्या फ्रीजमध्ये राहते आणि परिचारिका देऊ शकते, तेच संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या पाड्यापर्यंत पोहोचते.

तोवर पालकांनी काय करावे?

बाळाला जन्मापासून किंवा पहिल्या काही दिवसांत थोड्या घासण्यानेही फोड येत असतील, कातडी सोलवटत असेल, तोंडात फोड असतील, तर अंगारे-धुपारे आणि झाडपाल्याचे लेप यांत वेळ घालवू नका. बालरोग किंवा त्वचारोग तज्ज्ञाला दाखवा. बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, शेजारी अकोल्यातही आहे. पुढच्या जनुकीय तपासणीसाठी तिथून मार्गदर्शन मिळू शकते.

अशा बाळाच्या त्वचेवर चिकटपट्टी कधीही लावू नका, काढताना कातडी निघून येते. काखेत हात घालून उचलू नका. खाली मऊ दुलई घेऊन उचला. अंग पुसताना घासू नका, टिपून घ्या.

घरात असे एक मूल असेल तर पुढच्या अपत्याआधी जनुकीय समुपदेशन घ्या. या आजाराच्या काही गंभीर प्रकारांत आई-वडील दोघेही वरवर निरोगी, पण सदोष जनुकाचे वाहक असतात. अशा वेळी प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याच्या नात्यात ही गाठ पडण्याची शक्यता वाढते. यात आईचा दोष नसतो, बापाचाही नसतो. सुनेला बोल लावण्याआधी हे घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

आणखी एक. मोबाइलवर ‘जीन क्रीम’, ‘डीएनए सीरम’ अशा जाहिराती तुम्हालाही दिसत असतील. वर केलेला साडेबत्तीस लाख डाल्टनचा हिशेब आठवा. धडधाकट त्वचेवर नुसते चोळून अख्खे जनुक आत जात असते, तर जगभरच्या संशोधकांनी बंदुका, विजेचे झटके आणि विषाणूंच्या गाड्या कशाला शोधल्या असत्या?